परिपाठात वऱ्हाडचा इतिहास मांडण्यापूर्वी

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही नववीची मुले येत्या आठवड्यात परिपाठात आपल्या भागातील इंग्रजी अमलाचा इतिहास सगळ्या शाळेसमोर मांडणार आहात, हे वाचून फार आनंद झाला. तुझा मसुदा मी दोनदा वाचला. सनावळी अचूक आहे. मात्र ती ऐकून पाचवीतले मूल घरी काय घेऊन जाईल, याचा विचार अजून व्हायला हवा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडूनही हेच झाले होते. मुलांनी सगळे सन घडाघडा म्हटले, टाळ्या झाल्या आणि शेवटी एका पालकाने विचारले, "मास्तर, मंग आमच्या वावरात पऱ्हाटीच काहून?" म्हणजे, आमच्या शेतात कापूसच का? मला उत्तर देता आले नाही. तुम्ही त्याच प्रश्नापासून सुरुवात करावी.

हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चाची बाकी निजामाकडे थकली होती आणि त्यापोटी १८५३ मध्ये वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली झाले. कर्जापायी वावर गहाण पडणे म्हणजे काय, हे आपल्याकडे लहान मुलालाही कळते. अख्खा प्रांत तसा गेला, असे सांगा. १९०२ मध्ये तोच प्रांत वर्षाला २५ लाख रुपयांवर इंग्रजांकडे कायमचा राहिला. तेथे 'मक्ता' हाच शब्द वापरा.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना आपला कापूस हवासा झाला आणि भाव चढताच पऱ्हाटीचा पेरा वाढत गेला. १८६५ मध्ये युद्ध संपून भाव उतरले, तरी सरकारचा सारा आणि सावकाराचे व्याज काही उतरले नाही. १८६७ मध्ये आगगाडी नागपूरला पोहोचली; धान्य लांबून येऊ शकत होते. तरी १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत ज्याची मजुरी बुडाली, त्याच्या हातात धान्य विकत घ्यायला पैसा नव्हता. इथे घाई करू नका; मुलांना जरा थांबू द्या.

एका मुलीने सर्वांसमोर बोंडातला कापूस काढून बोटांनी सरकी वेगळी करावी आणि मुठीतली रुई दाखवावी. मग नकाशावर दोरीने वाट दाखवा: वावर, बैलबंडी, जिन (सरकी काढण्याचा कारखाना), शकुंतला या छोट्या आगगाडीचे रूळ, मूर्तिजापूर, मुंबई, मँचेस्टर. ती गाडी आता धावत नाही, पण तिचे रूळ मुलांनी पाहिलेले आहेत. मात्र शकुंतला विसाव्या शतकातली आहे, त्याआधी मुख्य रेल्वेमार्गापर्यंत माल बंड्यांनीच जात असे, हेही सांगा.

सावकारीचा भाग जपून मांडा. ती इंग्रजांच्या कायद्यांमुळे आणि कोर्टांमुळे बळावली, पण वही आपल्याच माणसांची होती, हे लपवू नका. त्याच वेळी कुणाच्या घराण्याचे नाव घेऊ नका, कारण दोन्हीकडची पणतवंडे एकाच बाकावर बसलेली असतील. आजीकडून ऐकलेले असेल तर 'आजी सांगते' असे म्हणा, गॅझेटियरमधले असेल तर ते सरकारी अधिकाऱ्याने सरकारसाठी लिहिले आहे, हेही सांगा.

नकाशा पाठकोऱ्या कागदावर नको, दोन मोठे कार्डशीट जोडून काढा. मागच्या रांगेतल्या मुलांना मूर्तिजापूर दिसले पाहिजे.

तुझे सर