पीएचडी करायचीय, मग आधी एमबीए की दुसरं काही?

प्रश्न: मला पुढे बिझनेसमध्ये पीएचडी करून शिकवायचंय. सगळे म्हणतात आधी एमबीए कर. बरोबर आहे का?

उत्तर: एमबीए वाईट नाही, पण ते कंपनी चालवायला शिकवतं आणि पीएचडीत रिसर्च करावा लागतो, दोन्ही वेगळी कामं आहेत. आधी विषय ठरव. फायनान्स असेल तर इकॉनॉमिक्स किंवा स्टॅटिस्टिक्समधलं मास्टर्स जास्त कामी येतं, कारण फायनान्सच्या पीएचडीत पहिल्याच वर्षी इकॉनोमेट्रिक्स (आर्थिक आकडेवारी तपासायच्या स्टॅटिस्टिक्सच्या पद्धती) अंगावर येतं आणि गणित कच्चं असलं की दमछाक होते. माणसं कामावर कशी वागतात यात रस असेल तर सायकॉलॉजी, सोशिऑलॉजी बघ. आणि कोर्स कुठलाही घे, त्यात थिसिस हवाच! स्वतः प्रश्न मांडायचा, डेटा साफ करत बसायचं, रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी असलेला संबंध आकड्यांत शोधणं) चालवायचं, गाइडने लाल करून परत दिलेला ड्राफ्ट पुन्हा लिहायचा, हे एकदा केलं की कळतं आपल्याला हे चार-पाच वर्षं जमेल का, शिवाय शिफारसपत्र देणारा गाइडही मिळतो. अमेरिकेतल्या बऱ्याच युनिव्हर्सिट्या तर मास्टर्सशिवायही पीएचडीला घेतात, तेही तपासून बघ. नोकरी सांभाळून करायचं असेल तर मात्र डीबीए (डॉक्टर ऑफ बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन, बिझनेसमधलीच डॉक्टरेट) वेगळं, तिथे एमबीए आणि अनुभव दोन्ही चालतात.