पायाला प्लास्टर असताना मुलीला थीम पार्कला न्यावं का?

तुमच्या सात वर्षांच्या मुलीच्या पायाला गुडघ्याखाली प्लास्टर आहे, तिकिटं आधीच काढून झालीत आणि मोठा भाऊ हटून बसलाय. जावं की रद्द करावं, असं तुम्ही विचारलंय. हाच पेच आमच्यापुढेही होता. मुलगा आठ वर्षांचा असताना त्याचं नडगीचं हाड मोडलं आणि तिसऱ्या आठवड्यात आम्ही त्याला घेऊन गेलो. डॉक्टरांनी हो म्हटलं तर तुम्हीही जा. प्लास्टर घालून जेमतेम दोन-चार दिवस झाले असतील तर मात्र नकोच. तेव्हा सूज सर्वात जास्त असते आणि पाय उंच ठेवून पडून राहणं हाच त्यावरचा उपाय असतो.

माझी सगळ्यात मोठी चूक आधी सांगते. कुठल्या राईडवर बसता येईल याची चौकशी मी आधी केलीच नाही. रोलर कोस्टरच्या रांगेत पाऊण तास काढला, पाळी आली आणि तिथे काम करणाऱ्या मुलाने प्लास्टरकडे बघून नम्रपणे मान हलवली. पोरगं तिथेच हमसून हमसून रडलं. खरं तर त्या कर्मचाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. राईड मध्येच बंद पडली तर बऱ्याच ठिकाणी जिना उतरून यावं लागतं. शिवाय झटका बसला की आपण नकळत पाय रोवून स्वतःला सावरतो, आणि नेमकं तेच तिला जमणार नाही. वळणावर तिप्पट जोर आला तर किलोभराचं प्लास्टर पायाला तीन किलोचं लागतं, तेही अर्धवट जुळलेल्या हाडावर. म्हणून आजच पार्कला फोन करून प्लास्टर असताना कुठल्या राईड चालतात ते एकेक विचारा. मग घरीच मुलीला घेऊन बसा आणि त्यातून तिलाच निवडू द्या. नकार घरी ऐकला तर तासाभराचा रुसवा होतो, गेटवर ऐकला तर अख्खा दिवस जातो.

मेरी-गो-राउंडमध्ये घोड्यांच्या मधे बहुधा एखादं बसायचं बाकडं असतं, ते मागा. छोटी रेल्वे, संथ होडी, खेळ, मिरवणूक हे बहुतेक ठिकाणी चालतं. पाण्याच्या राईड पूर्ण बाद. फायबरग्लासचं असेल तर भिजलं तरी चालतं असं पुष्कळ जण सांगतील. वरचं कवच भिजून बिघडत नाही हे खरं, पण आतला कापूस साधा असेल तर तो ओलाच राहतो आणि कातडी सोलवटते.

व्हीलचेअर घ्याच, 'कुबड्या आहेत की' म्हणू नका. अशा जागी दिवसभरात सात-आठ किलोमीटर सहज चालणं होतं आणि या वयाची मुलं कुबड्यांवर लवकर थकतात. पार्कात भाड्याने मिळणाऱ्या खुर्च्यांना पाय वर ठेवायची पट्टी बहुतेकदा नसते. पाय लोंबकळत राहिला की तो सुजणारच, म्हणून पट्टीची खुर्ची बाहेरूनच ठरवून न्या. व्हीलचेअर असली की रांग चुकते, या भरवशावरही राहू नका. अमेरिकेतल्या डिस्नी पार्कांनी 2024 मध्ये त्यांची डीएएस सवलत (अपंगत्वामुळे रांगेत थांबता न येणाऱ्यांसाठीची सोय) मुख्यतः ऑटिझमसारख्या अडचणींपुरती ठेवली. खुर्ची जाईल एवढी रांग रुंद असेल तर रांगेतूनच जायचं.

आता बोटांचं. दर तासाला तिच्या पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं पडलेलं नख दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. आमच्याकडे दुपारी बोटं फुगून टम्म झाली होती आणि नख रेंगाळत रंगावर येत होतं. मग सावलीतल्या बाकावर त्याला आडवं केलं, पायाखाली दोन बॅगा आणि माझी ओढणी घालून पाय छातीपेक्षा उंच केला. चाळीस मिनिटांत फरक पडला. त्या वेळात नवरा थोरलीला घेऊन तिच्या राईड उरकून आला. तुमच्या मोठ्या मुलासाठी हीच सोय करा, नाहीतर तोही दिवसभर खुर्चीला बांधला जाईल. पाय उंच करूनही दुखणं वाढतच गेलं, बोटं गार किंवा निळी पडली, बधिर झाली, नाहीतर हलकेच ताणल्यावर ती ओरडली, तर प्रथमोपचार केंद्रात वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा. आणि आत खाज सुटली म्हणून पेन, पट्टी काहीही खुपसू देऊ नका.

फोन कराल तेव्हा तारीख पुढे ढकलता येते का हेही विचारून ठेवा. ढकललीत तर प्लास्टर निघण्याच्या दुसऱ्या दिवसाची घेऊ नका. पुढचे काही आठवडे पाय बारीक आणि आखडलेला असतो, आमचा तर पहिले आठ दिवस लंगडतच होता.