वाचकांचे प्रश्न : तीन गावांचा फाल्गुन

थंडीची पांघरुणं आवरायला काढली की हवेबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे या तिन्ही ठिकाणांहून आलेले प्रश्न एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की आम्ही ते एकत्रच घेतले.

माझं माहेर बडोद्याचं, सासर ग्वाल्हेरचं आणि लेक दिली इंदूरला. फेब्रुवारीत आईकडे पंखे फिरत असतात आणि आमच्याकडे रजया. मे महिन्यात मात्र आम्हीच जास्त भाजून निघतो. असं का?
(लष्कर, ग्वाल्हेर)

आधी ढोबळ आकडे पाहू. फेब्रुवारीत दुपारचं सरासरी कमाल तापमान ग्वाल्हेरला साधारण २६-२७ अंश, इंदूरला २९, बडोद्याला ३१-३२. मे महिन्यात ग्वाल्हेर ४२ च्या आसपास, बाकी दोन्ही गावं ४० च्या आसपास. म्हणजे तीन महिन्यांत ग्वाल्हेर पंधरा अंश चढतं आणि बडोदे जेमतेम नऊ. तुमच्या घराण्यातला सगळा वाद या दोन चढणींतला आहे.

ग्वाल्हेर २६ अक्षांशाच्या थोडं वर, समुद्रापासून दूर आणि उत्तरेच्या थंड वाऱ्यांना उघडं. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ मार्चपर्यंत तिकडे ढग, शिडकावा आणि त्यामागून गार वारा आणत राहतात. ते थांबले की राजस्थानकडून कोरडी हवा थेट आत शिरते आणि पारा उसळी घेतो.

इंदूर आणि बडोदे यांची गंमत वेगळी आहे. दोघं जवळजवळ एकाच अक्षांशावर, २२ च्या पुढे. फरक उंचीचा : इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर, बडोदे चाळीसच्या आत. किलोमीटरमागे साधारण साडेसहा अंश या हिशेबाने इंदूर तीनेक अंशांनी गार हवं आणि फेब्रुवारीत जवळपास तसंच असतं. मे महिन्यात हा फायदा दुपारपुरता नाहीसा होतो, कारण खंभातच्या आखाताकडून येणारी दमट हवा बडोद्याचा पारा थोपवून धरते आणि माळव्याच्या पठाराला तसं कोणी वाली नाही. रात्री मात्र इंदूर पुन्हा दोन-तीन अंशांनी खाली उतरतं.

म्हणून ‘आज आमच्याकडे ३८, तुमच्याकडे किती?’ या फोनवरच्या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. आपापल्या गावाच्या त्या आठवड्याच्या सरासरीपेक्षा किती जास्त, हे विचारा. मार्चच्या सुरुवातीला ३५ अंश बडोद्याला नेहमीचे, ग्वाल्हेरला बातमीचे.

काही वर्षी पाडव्याला गुढी उभारताना गारवा असतो, काही वर्षी पाय भाजतात. ऋतू घसरले म्हणायचे का?
(रामबाग, इंदूर)

आधी पाडवा घसरतो, तो बघा. २०२३ चा पाडवा २२ मार्चला होता, २०२४ चा ९ एप्रिलला, २०२५ चा ३० मार्चला. या दिवसांत पारा तसाही रोज थोडा थोडा चढत असतो. अठरा दिवसांच्या फरकात एरवीच तीनेक अंश वाढ होते आणि त्यात हवामान बदलाचा काही हात नसतो. रंगपंचमीच्या गेरचंही (इंदूरच्या रंगांच्या मिरवणुकीचंही) तेच : २०२३ ला १२ मार्च, २०२४ ला ३० मार्च. तुलना करायची तर इंग्रजी तारखांनी करा, आणि एका दिवसाची नको, निदान दहा दिवसांच्या सरासरीची करा. अधिक महिना आपलं पंचांग पुन्हा जागेवर आणतो, पण तोवर आपल्या आठवणी भरकटलेल्या असतात.

‘शब-ए-मालवा’, म्हणजे माळव्याची ती गार रात्र, संपली का हो?
(इंदूर)

शहराच्या मध्यात बरीचशी, शिवारात अजून नाही. माळव्याची रात्र गार होते ती कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि उंची यांच्यामुळे : दिवसा तापलेली जमीन आपली उष्णता बिनअडथळा आकाशात सोडते. सिमेंटचे स्लॅब, डांबर आणि भिंतींना भिंती लागलेल्या इमारती हीच उष्णता दिवसभर पोटात साठवतात आणि मध्यरात्रीपर्यंत हळूहळू सोडत राहतात. शहर आणि शिवार यांतला फरक दुपारपेक्षा पहाटे जास्त दिसतो. तेव्हा गावाची रात्र बदलली का, हे तपासायचं तर किमान तापमानाच्या नोंदी पाहा.

बहिणीकडे ग्वाल्हेरला कूलर लावला की खोली शिमला होते. तोच कूलर इथे आणला तर नुसता चिकचिकाट. कूलर बिघडलाय का?
(दांडिया बाजार, बडोदे)

कूलर ठणठणीत आहे, हवा वेगळी आहे. कूलर पाण्याचं बाष्पीभवन करून हवा गार करतो, त्यामुळे ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकावर जो आकडा दिसेल, त्याच्या खाली तो जाऊ शकत नाही. त्याला ओला पारा म्हणतात. ग्वाल्हेरला ४१ अंश आणि आर्द्रता १२ टक्के असेल, तर ओला पारा सुमारे २० येतो. चांगला कूलर या दोन आकड्यांतलं ऐंशी टक्के अंतर कापतो, म्हणजे जाळीतून सुमारे २४ अंशांची हवा मिळते. बडोद्याला ३८ अंश आणि आर्द्रता ३५ टक्के धरा. ओला पारा जवळजवळ २६, कूलरची हवा २८ च्या वर, आणि तीही ओलीचिंब. गंमत म्हणजे अंगाला भासणारं तापमान काढलं, तर बडोद्याचे ३८ हे ४१ सारखे वाटतात आणि ग्वाल्हेरचे ४१ साडेअडतिसासारखे. दोघी बहिणी आपापल्या जागी बरोबर आहेत.

बडोद्यात कूलर वापरायचाच तर समोरची खिडकी पुरती उघडी ठेवा, म्हणजे ओली हवा बाहेर पडेल. पाऊस जवळ आला की पंप बंद करून नुसता पंखा चालवा. बंद खोलीत कूलर लावणं हीच नेहमीची चूक.

आमच्या गॅलरीतला तापमापक ४१ दाखवतो आणि वर्तमानपत्र ३६. खरं कोण? आणि मार्चमध्ये एवढं ऊन असून ‘उष्णतेची लाट’ का जाहीर करत नाहीत?
(इंदूर)

दोघंही खरे, फक्त दोन वेगळ्या गोष्टी मोजतात. वेधशाळा सावलीतल्या हवेचं तापमान मोजते : पांढऱ्या रंगाची, झडपांच्या भिंतींची लाकडी पेटी, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, मोकळ्या मातीवर, दार उत्तरेला. तुमचा तापमापक गॅलरीच्या तापलेल्या फरश्या आणि शेजारच्या एसीच्या बाहेरच्या युनिटची फुंकर मोजतो.

घरच्या घरी विश्वासार्ह नोंद ठेवता येते. कुंड्यांखाली ठेवतात तशा सात-आठ पांढऱ्या बश्या घ्या. वरची अखंड ठेवा, खालच्यांना मध्ये भोक पाडा, सगळ्या पालथ्या घालून दोन-दोन सेंटिमीटर अंतराने लांब स्क्रूवर ओवा आणि सेन्सर मधल्या पोकळीत टांगा. ऊन अडतं, वारा खेळतो. त्याआधी सेन्सर तपासा : थर्मासमध्ये कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी, ढवळत दहा मिनिटं. शून्य यायला हवा. ०.७ आला तर पुढच्या प्रत्येक नोंदीतून ०.७ वजा करा. पाण्यात चालणाराच सेन्सर बुडवा, नाहीतर प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून.

बहुतेकांची चूक होते ती कमाल-किमान तापमापक रीसेट करण्याच्या वेळेत. ऑफिसातून आल्यावर चार-पाच वाजता रीसेट केला, तर हवा अजून तापलेलीच असते. तोच आकडा दुसऱ्या दिवसाचा कमाल म्हणून पुन्हा नोंदला जातो आणि एक गरम दिवस दोनदा मोजला जातो. वेधशाळेप्रमाणे सकाळी साडेआठला रीसेट करा.

आता लाटेचं. मैदानी भागात हवामान खात्याची पहिली अट अशी की कमाल तापमान निदान ४० हवं. त्यावर ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी जास्त असेल तर लाट, त्याहून जास्त तर तीव्र लाट. पारा ४५ ला पोचला तर सरासरी न पाहताही लाट, ४७ ला तीव्र. आणि हे हवामान खात्याच्या एका उपविभागातल्या किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस दिसावं लागतं. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात ग्वाल्हेरचा पारा सरासरीपेक्षा सहा अंश वर, ३६ वर गेला, तरी ती लाट ठरत नाही. माणसांच्या दृष्टीने हे ठीकच. पण गव्हाला चाळिसाची वाट पाहायची सवय नाही.

त्याबद्दलच विचारायचं होतं. आमची सांवेरकडे शेती आहे. फेब्रुवारी-मार्च तापला की गहू बारीक पडतो. काय करता येईल?

ओंबीत दाणा भरत असताना दुपारचा पारा तिशीच्या बराच वर राहिला की पीक घाईने पिकतं. दाणा भरायचे दिवसच कमी होतात, त्यामुळे दाण्यांची संख्या तीच पण वजन कमी. रात्रीही गरम असल्या तर झाड कमावलेलं रात्रीत खर्चून टाकतं. २०२२ चा मार्च आठवा : १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचं सरासरी कमाल तापमान ३३.१० अंश, मार्चमधलं तोवरचं सर्वांत जास्त, आणि पाऊस नेहमीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षाही कमी. गव्हाचा उतारा घटला आणि १३ मे रोजी केंद्राने निर्यात बंद केली. पुढच्याच वर्षी, २०२३ मध्ये, फेब्रुवारीने आपला विक्रम मोडला : सरासरी कमाल २९.५४.

उपाय पेरणीपासूनच सुरू होतात. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरणी आटोपली तर दाणा भरणं उन्हाआधी उरकतं. उशीर होणारच असेल तर उशिराच्या पेरणीसाठी काढलेलं वाण घ्या. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या इंदूर केंद्राचं ‘पूसा अहिल्या’, म्हणजे एचआय १६३४, त्यासाठीच आहे. उभ्या पिकाला पारा चढण्याचा अंदाज दिसताच हलकं पाणी द्या, पण संध्याकाळी आणि वारा पडलेला असताना. ओली जमीन आणि जोराचा वारा एकत्र आले की गहू आडवा झालाच समजा.

फवारणीसाठी पोटॅशियम नायट्रेटचं २ टक्के द्रावण, म्हणजे एकरी २०० लिटर पाण्यात ४ किलो, ओंबी पोटरीत असताना एकदा आणि फुलोऱ्यानंतर एकदा. किंवा म्युरेट ऑफ पोटॅश या खताचं द्रावण ०.२ टक्के, म्हणजे २०० लिटरला फक्त ४०० ग्रॅम. हे दोन आकडे एकमेकांत मिसळू नका. म्युरेटचं दोन टक्के केलंत तर पानं करपतील आणि दोष उन्हाला द्याल.

मुलगा जर्मनीत आहे. तो म्हणतो, तापमानवाढ खरी तिकडे आहे, तुमच्याकडे तर आधीपासूनच ऊन. पटत नाही, पण उत्तर सुचत नाही.
(रावपुरा, बडोदे)

आकड्यांत तो बरोबर आहे. १९८० च्या दशकापासून युरोप जगाच्या सरासरीच्या सुमारे दुप्पट वेगाने तापतोय. उत्तरेकडे बर्फ कमी झालं की उघडी जमीन आणखी ऊन शोषते. समुद्रापेक्षा जमीनही लवकर तापते : १८५०-१९०० च्या तुलनेत २०११-२०२० मध्ये जमिनीवर १.५९ अंश, समुद्रावर ०.८८. भारताची वाढ १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे ०.७ अंश. मात्र हे आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करू नका, कारण त्यांची सुरुवात वेगवेगळ्या काळापासून आहे. आपल्याकडची वाढ कमी दिसण्यात दोन गोष्टींचा वाटा मानतात : हवेतल्या धुराधुळीचा पडदा ऊन अडवतो आणि उत्तरेतल्या सिंचनाची ओल दुपार गार ठेवते. यातला पहिला दिलासा श्वासाच्या किमतीवर मिळालेला आहे.

पण तो एक गोष्ट विसरतो. बारा अंशांवर दोन अंश वाढले तर तिथे कोट उतरतो. बेचाळिसावर अर्धा जरी वाढला तरी उन्हात काम करणाऱ्याचा दिवस आखडतो.

वसंताच्या खुणाही सारख्या नाहीत. जपानात क्योटोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी बाराशे वर्षांमागे जातात आणि २०२१ मध्ये ऐन बहर २६ मार्चला आला, तोवरच्या साऱ्या नोंदींत सर्वांत लवकर. चेरी थंडी-उन्हाचा हिशेब ठेवून फुलते, म्हणून तो पुरावा भक्कम. आपला पळस पानगळ आणि जमिनीतली ओल यांच्याकडेही बघतो. तो आठ दिवस आधी फुलला म्हणून लगेच तापमानवाढ सिद्ध होत नाही.

कॉलेजच्या प्रकल्पासाठी इंदूर, ग्वाल्हेर आणि बडोदे यांच्या वसंतातल्या तापमानवाढीची तुलना करायची आहे. सुरुवात कुठून करू?
(इंदूर)

निदान तीस वर्षांची रोजची कमाल आणि किमान तापमानं मिळवा. दहा वर्षं पुरत नाहीत. मार्चचं सरासरी तापमान एका वर्षातून दुसऱ्यात सहज दीड अंश हलतं आणि शोधायची वाढ दशकाला अंशाच्या एक-दोन दशांश इतकीच असू शकते. फेब्रुवारी ते एप्रिल असे तीन महिने घ्या. हवामान खातं फेब्रुवारी हिवाळ्यात धरतं आणि मार्च ते मे मोसमपूर्व, पण आपल्याकडचा वसंत या दोन खान्यांच्या सांध्यावर बसतो.

ज्या महिन्यात अकरा किंवा जास्त दिवसांच्या, अथवा सलग पाच दिवसांच्या नोंदी नाहीत, तो महिना वगळा. अंदाजाने भरू नका. प्रत्येक गावासाठी १९९१-२०२० ची सरासरी काढून तिच्यापासूनचा फरक लिहा. जुन्या तक्त्यांत १९८१-२०१० ची सरासरी असते. एका गावाला एक आणि दुसऱ्याला दुसरी लावलीत तर नवी सरासरी मुळातच गरम असल्याने त्या गावाचा फरक फुकटचा कमी दिसेल.

मग स्प्रेडशीटमध्ये ‘स्लोप’ हे फंक्शन, एका बाजूला फरक, दुसऱ्या बाजूला वर्ष. उत्तर समजा ०.०१८ आलं तर दहाने गुणा : दशकाला ०.१८ अंश. कमाल आणि किमान यांचे हिशेब वेगळे ठेवा, एकत्र केले तर शहराच्या रात्रीचा परिणाम दिसेनासा होतो. शेवटी पहिली दोन आणि शेवटची दोन वर्षं काढून पुन्हा गणित करा. उत्तर निम्मं झालं किंवा उलटलं, तर तो कल एखाद्या विक्रमी वर्षाच्या खांद्यावर उभा होता. आणि आलेखात एखाद्या वर्षी पायरी चढल्यासारखी अचानक उडी दिसली, तर हवा बदलली म्हणण्याआधी त्या वर्षी केंद्र हलवलं होतं का, हे वेधशाळेत जाऊन विचारा.