वाचकांचे प्रश्न : मधल्या फळीतून प्रशिक्षकाच्या बाकावर

प्रश्न : माझा मुलगा गोल्फ क्लब मैदानावर फुटबॉल खेळतो. इंग्लंडच्या मधल्या फळीतील माजी खेळाडू मायकेल कॅरिकने गोल फारसे केले नाहीत, तरी माझ्या मुलाचे प्रशिक्षक त्याला आदर्श मानतात, ते का?
– एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : 1981 साली जन्मलेला कॅरिक वेस्ट हॅम आणि टॉटनहॅम या क्लबांमार्गे 2006 मध्ये मँचेस्टर युनायटेडकडे आला आणि क्लबचा माजी कर्णधार रॉय कीनचा 16 क्रमांकाचा शर्ट त्याला मिळाला. युनायटेडसाठी 464 सामन्यांत त्याचे गोल अवघे 24 आहेत. परंतु चेंडू पायाशी येण्यापूर्वीच मान वळवून आजूबाजूचे खेळाडू पाहून ठेवणे आणि एकाच स्पर्शात तो पुढच्या फळीकडे धाडणे, हे त्याचे काम गोलफलकावर दिसतच नाही. पाच प्रीमियर लीग विजेतेपदे आणि 2008 चा चॅम्पियन्स लीग (युरोपातील अव्वल क्लबांची स्पर्धा) करंडक मिळवणाऱ्या संघांत तो होता. इंग्लंडने त्याला केवळ 34 सामने दिले, हे आमच्या मते त्या संघाचेच नुकसान.

2018 मध्ये निवृत्त होऊन तो युनायटेडच्या प्रशिक्षकवर्गात दाखल झाला. 2021 मध्ये मुख्य प्रशिक्षकपदाची तात्पुरती जबाबदारी आली, तेव्हा तीन सामन्यांत त्याने पराभव पाहिला नाही. पुढे ऑक्टोबर 2022 मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये तळाशी रेंगाळणारा मिडल्सब्रो क्लब त्याने हाती घेतला आणि त्याच हंगामात चौथ्या स्थानी नेला, मात्र प्लेऑफच्या (वरच्या श्रेणीत जाण्यासाठीच्या लढतींच्या) उपांत्य फेरीत कोव्हेंट्रीने त्यांची वाट अडवली. जून 2025 मध्ये मिडल्सब्रोने त्याला पदावरून दूर केले.

आपल्या मुलाला सामन्याच्या चित्रफितीत चेंडूऐवजी कॅरिकची मान पाहायला सांगावी.