मैफलीत जे वाजवता ते खरंच आयत्या वेळी सुचतं का? आणि सुचलंच नाही तर?

तुम्ही लिहिलंय की मुलगी चार वर्षं सतार शिकतेय, शिकवलेले गत-तोडे चोख वाजवते, पण गुरुजींनी "आता तुझं तू वाढव" म्हटलं की तिचा हात थांबतो. मी पेटी वाजवतो, ख्यालगायनाची साथ करतो, त्याला बावीस वर्षं झाली. हात माझाही थांबतो, अजूनही.

ख्यालाच्या मैफलीला बहुधा तालीम नसते. परगावच्या गायकाबरोबर बसायचं असलं की आधी फोनवर मी एवढंच विचारतो, "पट्टी कुठली?" म्हणजे त्यांचा सा पेटीच्या कुठल्या काळ्या किंवा पांढऱ्या सुरावर धरायचा. काळी एक, काळी दोन, बाई गाणार असतील तर काळी चार किंवा पाच. राग कुठला ते पुष्कळदा तंबोरे लागताना कळतं. पहिल्या तारेवर पंचमाऐवजी निषाद लावायला घेतला की मी मनातल्या मनात पंचम नसलेले राग आठवायला लागतो.

मग सुचतं कसं? बरंचसं हातात साठलेलं असतं. लहानपणी पहाटे उठून मेरुखंडाचे पलटे घोटले. तीन स्वर उलटसुलट मांडले तर सहा प्रकार होतात, चारांचे २४, पाचांचे १२०, सातांचे ५०४०. सातांपर्यंत मी कधी पोचलो नाही. पण पाचांपर्यंतचं जे बोटांत बसलंय त्यावरच माझं पोट चालतं. गायकानं तान घेतली की मी जेमतेम पाव मात्रा मागे असतो. तेवढ्यात विचार करायला सवड नसते, हात आपोआप जातो.

आणि माझी शंका नेमकी तिथेच सुरू होते. हात आपोआप जातो, तर ते माझं सुचणं की नुसती सवय? मध्यंतरी तीन वर्षांच्या अंतरानं झालेल्या दोन कार्यक्रमांची रेकॉर्डिंग लागोपाठ ऐकली. गायक वेगळे, गाव वेगळं, राग दोन्हीकडे यमन. समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी मी भरलेली जागा दोन्हीकडे तीच, शेवटची हरकतसुद्धा तीच. दोन्ही वेळा लोकांनी दाद दिली होती आणि मला दोन्ही वेळा ती त्या क्षणी सुचल्यासारखी वाटली होती. त्या रात्री झोप लागली नाही.

सुचलं नाही तर काय, हे तुम्ही विचारलंय. गायकाला बंदिशीच्या मुखड्याकडे परतता येतं. साथीदाराला शिकवलेलं असतं की अडलास तर षड्ज, म्हणजे सा, धरून बस, षड्ज कधी चुकत नाही.

माझा तोच चुकला. संध्याकाळची मैफल, विलंबित एकतालात मारवा. मारव्यात गायक षड्जाला टाळत राहतो, कोमल ऋषभ आणि धैवतावर रेंगाळतो, आणि ऐकणाऱ्याचा जीव तिकडे टांगलेला राहतो. बुवांनी तीन-चार आवर्तनं तो सा दिला नव्हता. ते खालच्या धैवतावरून कोमल ऋषभावर आले, थांबले, श्वास घेतला. सभागृहात फक्त तंबोरे. मला ती शांतता पेलवली नाही. काही सुचेना, म्हणून बोट सवयीनं काळी एकवर गेलं. सा वाजला आणि सगळं सैल पडलं. पुढच्या रांगेतले एक आजोबा पुढे झुकून बसले होते, ते मागे टेकले. बुवांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, बंदिश पुढे नेली. कार्यक्रमानंतर गाडीत बसताना एवढंच म्हणाले, "तो सा मी राखून ठेवला होता हो."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पेटीबद्दल तसाही जुना आक्षेप आहेच. ऑल इंडिया रेडिओनं १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशकं टिकली. आक्षेपातलं मूळ मला पटतं. या वाद्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, दरबारी रागातला झुलणारा गंधार निघत नाही. तिथे मी गंधाराच्या पट्टीला हातच लावत नाही, ऋषभावर थांबतो आणि भाता हलका करतो. भीमसेन जोशींना आप्पा जळगावकरांनी पेटीवर केलेली साथ कधी लक्ष देऊन ऐका, त्यांनी काय वाजवलं नाही ते शोधत. मी हे फार उशिरा ऐकायला शिकलो.

बाकी रोजचं जगणं म्हणाल तर सकाळी क्लास, दिवाळी पहाट आणि भावगीतांचे कार्यक्रम, तबल्याच्या सोलोला लेहरा. लेहऱ्यात तासभर एकच ओळ वाजवायची, तिथे सुचण्याचा प्रश्नच नाही. आणि खरं सांगतो, काही आठवड्यांत तेच बरं वाटतं. पावसाळ्यात कार्यक्रम कमी होतात, पट्ट्या दमट हवेनं अडकतात, आणि घरभाडं मात्र तेवढंच राहतं.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा मारवा आला, दुसऱ्या गायिकेबरोबर, काळी चारमध्ये. त्या ऋषभावर थांबल्या तेव्हा मी उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. फार जड गेलं. हात रिकामा आणि समोर तीनशे माणसं. सा त्यांनी घेतला, त्यांच्या वेळेला, आणि मी त्यानंतर पट्टी दाबली.

तुमच्या मुलीचा हात थांबतो तेव्हा घाईनं काहीतरी भरायला लावू नका. गुरुजींना विचारून तिला यमनचे तीनच स्वर द्या, नि, रे, ग. दहा मिनिटं चौथ्या स्वराला हात लावायचा नाही. सहा प्रकार तर दोन मिनिटांत संपतील. मग ती एखाद्या स्वरावर जास्त थांबून बघेल, एखादा हळू छेडेल, तार थोडी ओढून बघेल. सतारीवर तिला ते करता येतं, मला पेटीवर येत नाही. तेव्हा तिच्याजवळ बसा आणि काही बोलू नका.