पॅकेजचा आकडा ०.७ आला, आता काय करायचं?

पॅकेजांमधल्या, म्हणजे क्लासच्या गटांमधल्या, डिपेंडन्सी (कोणतं कोणावर अवलंबून आहे ते) मोजायला सुरुवात केली की पहिल्या रिपोर्टनंतर लगेच प्रश्न येतात, आणि ते बहुतेक तेच असतात. त्यांतले काही इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या एका पॅकेजचं ‘मुख्य रेषेपासूनचं अंतर’ ०.७ आलं. टीममध्ये घबराट आहे. पॅकेज नव्याने लिहावं का?

आधी हा आकडा येतो कुठून ते पाहू. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टनुसार पॅकेजमध्ये २० क्लास आहेत. त्यांतले २ इंटरफेस किंवा अ‍ॅबस्ट्रॅक्ट (काय करायचं ते सांगणारे, पण कसं ते पूर्ण न लिहिलेले), म्हणजे अमूर्तता २ भागिले २०, ०.१. या पॅकेजवर बाहेरून १२ डिपेंडन्सी येतात आणि त्यातून बाहेर ३ जातात. बाहेर जाणाऱ्यांना एकूण संख्येने भागलं की अस्थिरता मिळते : ३ भागिले १५, म्हणजे ०.२. सॉफ्टवेअर डिझाइनवर लिहिणारे रॉबर्ट मार्टिन यांनी १९९४ मध्ये ही मोजमापं मांडली. त्यांचं म्हणणं असं, की अमूर्तता आणि अस्थिरता यांची बेरीज १ च्या जवळ असावी; बेरीज १ असणं हीच ‘मुख्य रेषा’. तुमची बेरीज ०.३ होते, म्हणून अंतर ०.७.

याचा अर्थ इतकाच, की पुष्कळ कोड या पॅकेजवर टेकलाय आणि ते बदलायचं झालं तर वाकायला जागा नाही. पण ते बदलतं का? जावातला स्ट्रिंग हा क्लास बघा. तो ठोस आहे, अख्खं जग त्याच्यावर अवलंबून आहे, आणि तरी त्याचा कुणालाच त्रास नाही, कारण तो बदलत नाही. तेव्हा गेल्या वर्षभरात या पॅकेजमध्ये किती कमिट (नोंदवलेले बदल) झाले ते काढा. अगदी थोडे असतील तर हात लावू नका. दर आठवड्याला बदल होत असतील, तर ज्यांनी हा कोड लिहिलाय त्यांच्यासोबत बसून बोला. नुसत्या रिपोर्टवरून नव्याने लिहायचा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

प्रश्न : अस्थिरता १ म्हणजे डिझाइन वाईट ना?

नाही. स्क्रीन, कंट्रोलर, प्रोग्राम सुरू करणारा क्लास यांची अस्थिरता १ च असायला हवी, कारण त्यांच्यावर दुसरं काही अवलंबून नसावं.

प्रश्न : एकाच कोडला दोन टूल वेगवेगळे आकडे देतात. खरं कोणाचं?

दोघांचंही. मूळ व्याख्येत बाहेरचे क्लास मोजतात, तर जेडिपेंड हे जावाचं टूल बाहेरची पॅकेजं मोजतं. एकाच पॅकेजमधले चाळीस क्लास तुम्हाला वापरत असतील, तर एक टूल चाळीस म्हणेल आणि दुसरं एक. टेस्टचा कोड मोजणीत धरलाय की नाही, यानेही बराच फरक पडतो. दोन टूलचे आकडे शेजारी ठेवून भांडू नका. एक टूल निवडा, त्याची व्याख्या वाचा आणि त्याचाच आलेख महिन्यामागून महिना बघा.

प्रश्न : ऑर्डर आणि बिलिंग ही दोन पॅकेजं एकमेकांना इम्पोर्ट करतात. बिल्ड होतं, टेस्ट पास होतात. पुढच्या रिलीजनंतर सोडवलं तर चालेल ना?

नाही, चालणार नाही. बाकी सगळ्या आकड्यांबाबत मी ‘थांबा, विचारा’ म्हणतो. सर्क्युलर डिपेंडन्सीबाबत, म्हणजे पॅकेजं अशी एकमेकांवर चक्राकार अवलंबून असतील तर, मात्र थांबू नका.

बिल्ड होतं, कारण जावाचा कंपायलर पॅकेजांचं चक्र अडवत नाही. गो भाषेत असा इम्पोर्ट कंपाइलच होत नाही. जावातही २०१७ च्या नवव्या आवृत्तीत मॉड्यूल आली आणि त्यांच्यातलं चक्र कंपायलर नाकारतो. एका मॉड्यूलच्या आतल्या पॅकेजांना तो काही म्हणत नाही. कंपायलर गप्प बसला म्हणून डिझाइन ठीक आहे असं होत नाही.

चक्र झालं की ती पॅकेजं नावाला दोन राहतात, प्रत्यक्षात एकच. ऑर्डरशिवाय बिलिंगची टेस्ट लिहिता येत नाही. बिलिंग सुटं काढून दुसऱ्या टीमला देता येत नाही. एकात केलेला बदल दुसऱ्याला कुठे लागेल याचा अंदाज येत नाही. शिवाय डिपेंडन्सी नेहमी जास्त स्थिर पॅकेजकडे जावी हा नियम इथे पाळणंच अशक्य होतं : ऑर्डर बिलिंगपेक्षा स्थिर आणि बिलिंग ऑर्डरपेक्षा स्थिर, हे एकाच वेळी कसं जमणार?

आणि चक्र दोनावर थांबत नाही. मला एका टीमने बोलावलं तेव्हा अकरा पॅकेजं एकाच चक्रात अडकली होती. जुन्या कमिटमधून मागे मागे गेलो, तर सुरुवात एका इनमच्या (ठरावीक पर्यायांच्या यादीच्या) इम्पोर्टने झाली होती. त्या ओळीवर शेरा होता : ‘तात्पुरतं, नंतर काढणे’. त्या दिवशी ते काम तासाभराचं होतं. मी पोचेपर्यंत महिन्यांचं झालं होतं.

तुमचं अजून तासाभराचंच दिसतंय. तुमच्या बिलिंगमध्ये ऑर्डरचा इम्पोर्ट एकाच फाइलमध्ये आहे आणि तिथे फक्त रक्कम आणि ग्राहक क्रमांक वाचला जातो. मग बिलिंगच्याच पॅकेजमध्ये ‘बिलयोग्य’ असा एक छोटा इंटरफेस लिहा, त्यात या दोनच मेथड ठेवा, आणि ऑर्डर क्लासला तो इम्प्लिमेंट करू द्या. बिलिंगकडून ऑर्डरकडे जाणारा बाण गेला, उलटा तेवढा राहिला. सामायिक क्लास तिसऱ्या पॅकेजमध्ये हलवणं हाही मार्ग आहे, पण त्या पॅकेजला ‘कॉमन’ नाव देऊ नका. त्या नावाखाली पुढे काहीही येऊन पडतं. कोणता बाण तोडायचा हे ठरवण्याआधी दोघांत जास्त बदलणारं कोणतं, हे व्यवहार जाणणाऱ्या माणसाला विचारा. मात्र आजच विचारा. काम झालं की आर्कयुनिट या डिझाइनचे नियम तपासणाऱ्या लायब्ररीमध्ये ‘पॅकेजांत चक्र नको’ अशी टेस्ट लिहून ठेवा, म्हणजे पुन्हा कुणी तो इम्पोर्ट घातला तर बिल्डच पडेल.

प्रश्न : एक कंपनी आमच्या कोडला ‘अ’ ते ‘इ’ अशी श्रेणी देणारं टूल विकते आहे. मॅनेजर ती श्रेणी वार्षिक मूल्यमापनाशी जोडणार म्हणतात.

श्रेणी कोणत्या मोजमापांतून आणि किती वजनाने काढली, हे लेखी मागा. ते सांगत नसतील तर घेऊ नका. पगाराशी तर मुळीच जोडू नका. आकडा सुधारण्यासाठी लोक गरज नसलेले इंटरफेस भरतात, प्रत्येकाला एकच इम्प्लिमेंटेशन असतं, अमूर्तता वाढते, अंतर कमी दिसतं आणि कोड वाचणाऱ्याला दोन फाइल जास्त उघडाव्या लागतात. मॅनेजरना हे दोन पॅकेजांच्या उदाहरणावर दाखवा. सोबत एखादा अनुभवी आर्किटेक्ट असला तर बरं.

प्रश्न : इनहेरिटन्सची खोली (एका क्लासच्या वर वारशाच्या किती पायऱ्या आहेत ती) तीनपेक्षा जास्त नको, असं ऐकलं. खरं आहे का?

ऐकीव आहे. चिदंबर आणि केमेरर या संशोधकांनी १९९१ मध्ये हे मोजमाप मांडलं ते तुलनेसाठी. तीन ही त्यांची मर्यादा नाही. फ्रेमवर्कचे क्लास एक्सटेंड केले की तीन सहज ओलांडतात.

प्रश्न : टूल म्हणतं, या पॅकेजवर कुणीच अवलंबून नाही. काढलं, तर प्रोग्राम सुरूच होईना.

परत ठेवा. जेडिपेंडसारखी टूल कंपाइल झालेल्या क्लास फाइल वाचतात. कॉन्फिगरेशनमध्ये मजकूर म्हणून लिहिलेलं क्लासचं नाव किंवा रिफ्लेक्शनने (प्रोग्राम चालू असताना नावावरून) चढवलेला क्लास त्यांना दिसत नाही. आणखी एक प्रकार होतो : स्टॅटिक फायनल, म्हणजे कधी न बदलणारा, आकडा किंवा मजकूर कंपायलर वापरणाऱ्या क्लासमध्येच उतरवून टाकतो, त्यामुळे कॉन्स्टंटच्या पॅकेजवरची डिपेंडन्सी रिपोर्टमधून गायब होते, सोर्समध्ये ती असतेच. ‘कुणीच वापरत नाही’ असं दिसलं की क्लासचं नाव अख्ख्या रेपॉझिटरीत मजकूर म्हणून शोधा, कॉन्फिगरेशनच्या फाइलींसकट. तिथेही काही सापडलं नाही, तर डिप्लॉयमेंट सांभाळणाऱ्यांना विचारून मगच काढा.