'लुप्त' म्हणायला आधी असावं लागतं

जुळे सोलापुरातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. त्यांच्या वर्गातल्या मुलाने निबंधाला मथळा दिला, 'अंटार्क्टिकाच्या बर्फाखालील लुप्त सभ्यता'. मराठीत 'सभ्यता' या अर्थाने चालतो का, की 'संस्कृती' म्हणावं? आणि 'लुप्त' जड वाटतो, तर 'हरवलेली' करावं का?

ताई, 'सभ्यता' तुम्हाला खटकला ते बरोबरच आहे. सभेत बसायला योग्य तो सभ्य, अशी त्या शब्दाची घडण. मराठीत तो वागणुकीपुरता राहिला: सभ्य माणूस, असभ्य भाषा. हिंदीत 'सिंधु घाटी सभ्यता' म्हणतात, आपण 'सिंधू संस्कृती' म्हणतो. मुलं हे विषय हिंदी व्हिडिओंमधून ऐकतात, शब्दही तिथूनच येतो. आपल्या गावात तर याला आणखी एक शब्द कानावर पडतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत याच अर्थाने 'नागरिकत' म्हणतात, कन्नडमध्ये 'नागरिकते'. हिंदीवाल्याला मात्र 'नागरिकता' म्हटलं की नागरिकत्व आठवतं.

'संस्कृती'ची एक अडचण मान्य करायला हवी. घोड नदीकाठी इनामगावला शेती करणारे, मातीच्या घरांत राहणारे लोक म्हणजे जोर्वे संस्कृती. आणि आखीव रस्ते, गटारं, मुद्रा, ठरावीक वजनं असलेली तीही हडप्पा संस्कृती. दोहोंना एकच शब्द. जिथे शहरं आणि लिपी यांवर भर द्यायचा असेल तिथे 'नागर संस्कृती' लिहावं. हा शब्द आपल्याकडे आहेच, वापरायचा तेवढा राहतो.

पण माझ्या मते त्या मथळ्यात खरा अडणारा शब्द 'सभ्यता' नाही. तो 'लुप्त' आहे.

पाणिनीने लोपाची व्याख्या दोन शब्दांत केली: 'अदर्शनं लोपः'. न दिसणं म्हणजे लोप. पुढच्या वैयाकरणांनी त्यात एक शब्द घातला, 'प्रसक्तस्य'. जे तिथे यायला हवं होतं, ज्याची जागा ठरलेली होती, त्याचं न दिसणं. जे मुळात तिथे येणारच नव्हतं त्याचा लोप होत नाही. म्हणून 'लुप्त' लिहिलं की तुम्ही नकळत एक विधान केलेलं असतं: ते होतं. 'हरवलेली' तर त्याच्याही पुढे जातं, कारण हरवायला ते आधी कुणाच्या तरी हाती असावं लागतं.

आता अंटार्क्टिका पाहा. त्या खंडावर बर्फाचं मोठं आवरण तयार होऊ लागलं त्याला सुमारे ३.४ कोटी वर्षं झाली. आपल्यासारखा माणूस पृथ्वीवर आला त्याला साधारण ३ लाख वर्षं. मधली कोट्यवधी वर्षं बघितली की कळतं, माणूस आला तेव्हा तिथली जमीन सरासरी दोन किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली कधीचीच गेलेली होती. अंटार्क्टिकातला पिरॅमिड म्हणून ज्याचे फोटो फिरतात तो एल्सवर्थ पर्वतरांगेतला एक सुळका आहे. बर्फाने चहूबाजूंनी खरवडलेल्या डोंगराला तसा आकार येतो. पिरी रईस या तुर्की दर्यावर्दीच्या १५१३च्या नकाशात बर्फ नसलेला अंटार्क्टिका दिसतो, असं सांगून तोही पुरावा म्हणून दाखवतात. त्याच्या तळाशी जो किनारा आहे तो, नकाशा ज्या कातड्यावर काढला त्याच्या कडेला वळवून काढलेला, दक्षिण अमेरिकेचाच असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. थोडक्यात, इथे प्रसक्तीच नाही, म्हणजे तिथे काही असायला हवं होतं असंच नाही.

पाणिनीचं आणखी एक सूत्र मला या बाबतीत फार जवळचं वाटतं: 'प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम्'. प्रत्यय लोपला तरी त्याने घडवलेलं कार्य शिल्लक राहतं. खरोखर लुप्त झालेल्या संस्कृतीचं असंच असतं. हडप्पाच्या विटा रेल्वेमार्गाखाली खडी म्हणून गेल्या, तरी १९२१मध्ये उत्खनन सुरू झाल्यावर मुद्रा, खापरं, वजनं मिळतच राहिली. आणि बर्फ तर खुणा जपण्यात मातीपेक्षा पक्का. ग्रीनलंडच्या बर्फात रोमन काळातल्या धातू गाळण्याच्या भट्ट्यांमधलं शिसं सापडलेलं आहे, हजारो किलोमीटर दूरच्या भट्ट्यांमधलं. अंटार्क्टिकात तर ८ लाख वर्षांपूर्वीपर्यंतचा बर्फ उपसून थर न् थर तपासला गेला आहे. त्यातून ज्वालामुखीची राख मिळते, जुनी हवा मिळते. कुठल्या शहराच्या चुलींचा धूर मिळालेला नाही.

कुणी म्हणेल, लोकमान्यांनी उत्तर ध्रुवाबद्दल असंच लिहिलं होतं. 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' १९०३चं. पण टिळक बर्फाखाली गाडलेल्या नगरांविषयी बोलत नव्हते. ते ऋग्वेदातल्या दीर्घ उषांची, लांबत जाणाऱ्या रात्रींची वर्णनं घेऊन त्यांवरून वैदिक आर्यांचं मूलस्थान शोधत होते. म्हणजे त्यांची वाट लक्षणावरून, म्हणजे मागे उरलेल्या खुणेवरून, लुप्ताकडे जाणारी होती. त्यांचा निष्कर्ष आज अभ्यासक स्वीकारत नाहीत, तरी पद्धत समजून घ्यावी. शिवाय उत्तर ध्रुवावर जमीनच नाही. काही मीटर जाडीचा तरंगता बर्फ आणि खाली समुद्र.

बर्फाखाली खरोखर गेलेलं काही हवं असेल तर ते आपलंच आहे. १९८३-८४मध्ये भारताने अंटार्क्टिकात 'दक्षिण गंगोत्री' हे पहिलं केंद्र उभारलं. साचत्या बर्फात ते गाडलं जाऊ लागलं आणि १९९०च्या सुमारास सोडावं लागलं. त्याला 'लुप्त' कुणी म्हणू नये, 'गाडलं गेलेलं' म्हणावं. ते कुठे आहे हे ठाऊक आहे.

हा फरक आपल्या भागातली माणसं बोलताना नीट पाळतात. माझं आजोळ उजनी धरणाच्या पाण्याखाली आहे. माझी आजी शेवटपर्यंत 'आमचं गाव धरणात गेलं' असंच म्हणायची. हरवलं म्हणाली नाही, लुप्त तर नाहीच. गेलं, आणि कुठे गेलं तेही त्याच वाक्यात. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, तेव्हा लोक 'देऊळ उघडं पडलं' म्हणतात. बुडीत, गाडलेलं, मोडलेलं, ओसाड, लुप्त: प्रत्येकाला स्वतःची जागा आहे आणि आपली भाषा ती ओळखते.

मग न झालेल्या गोष्टीला काय म्हणायचं? त्यासाठी 'अटकळ' आहे. 'तर्क' म्हटलं की मागे कारण लागतं, 'अनुमान' म्हटलं की खूण लागते. अटकळ बांधायला दोन्ही लागत नाहीत, आणि तो शब्द तसं लपवतही नाही. त्या मुलाला मथळा असा सुचवा: 'अंटार्क्टिकाच्या बर्फाखालील नागर संस्कृती: एक अटकळ'. निबंधातला बाकी मजकूर त्याने या मथळ्याखाली पुन्हा वाचून पाहिला, तर कुठली वाक्यं बदलायची ते त्याचं त्यालाच दिसेल.